पिवळ्या काठाचे पाँचो

प्रिय निनोस्का,

पाकिटावरचं अक्षर कासिमिरामावशीचं आहे म्हणून तू ते उघडलंस, आणि आत मी निघालो. रागावू नकोस. म्हणजे रागव, पण फाडू नकोस. मावशीने तुझा कॅनडाचा पत्ता लिहून देताना मला बजावलं आहे, "उबाल्दो, रडगाणं गाऊ नकोस, मुद्द्याचं लिही." मुद्द्याचंच लिहिणार आहे. पण मुद्दा आधी लिहिला तर तू पुढचं वाचणार नाहीस, आणि पुढचं वाचल्याशिवाय मुद्द्यावर तुझा विश्वास बसणार नाही, अशी गोची झाली आहे.

गेल्या महिन्यात मावशीने माझ्याच सांगण्यावरून तुला फोन केला होता. "त्या घरात राहिलेल्या सगळ्यांनी रक्त तपासून घ्यायला हवं, असं उबाल्दो म्हणतोय," एवढंच ती बोलली, आणि तू हसलीस. "मावशी, काकाला सांग, नव्या सिनेमाची सुरुवात झकास जमली आहे. पण मी आता सात वर्षांची नाही." मग तू फोन ठेवलास, आणि पुन्हा हा विषय काढला तर तिचेही फोन घेणार नाहीस असं तिला कळवलंस. मावशीने मला सगळं शब्दन्‌शब्द ऐकवलं. तुझी नक्कल तिला फार छान जमते. मला लागलं. दोन दिवस मी घरातच फुरंगटून बसलो. मग वाटलं, पोरीचं चुकलं काय? ज्या माणसाने आयुष्यभर सिनेमांतून लोकांना घाबरवून पोट भरलं, तो स्वतः घाबरल्यावर त्याच्यावर कुणी का विश्वास ठेवावा? निनो, मी घाबरलोय. स्वतःसाठी थोडा आणि तुझ्यासाठी खूप. म्हणून आता सगळं क्रमाने लिहितो, तुझ्या आईलाही जे कधी सांगितलं नाही त्यासकट. ते वाचून तू मला आणखी वाईट ठरवशील. ठरव. तपासणीला गेलीस म्हणजे झालं.

मिस्केच्या खोऱ्यातलं ते घर आपण घेतलं तेव्हा तू सात वर्षांची होतीस आणि तुझ्या आईचा नवरा म्हणून मला तुमच्यात येऊन पुरते चार महिने झाले नव्हते. तू मला काका म्हणायचीस आणि जेवताना माझ्या ताटाकडे टक लावून बघायचीस, हा माणूस आपल्यातलं किती संपवतो ते बघत असल्यासारखी. मी ला पाझचा, उंचावरच्या थंडीत वाढलेला. खोऱ्यातलं ऊन, माश्या, दुपारची झोप, सगळंच मला नवं होतं. घराची मालकीण विधवा होती, मुलांबरोबर ब्वेनोस आयरेसला निघून गेली होती आणि घर दोन वर्षं बंद होतं. कच्च्या विटांच्या, हातभर जाड भिंती. स्वयंपाकघरात एका कोपऱ्यात बाईने गिनिपिग पाळलेले, त्यांचं वाळलेलं गवत अजून तिथेच पडलेलं, आणि पडवीत कोंबड्यांची खुराडी. भिंतींना भेगा इतक्या सुंदर होत्या की मी तिथल्या तिथे ठरवलं, हेच घर. तुझी आई म्हणाली, "भेगा बघून घर घेणारा मी पहिलाच बघतेय. बरं आहे, माझ्यातही चिक्कार सापडतील तुला." ओर्तेन्सियाचं हे असं बोलणं. ती गेली त्याला पाच वर्षं झाली, तरी अजून मधेच कानात येतं आणि मी एकटाच हसतो.

राहायला आलो त्या दिवशी तुझ्या आईने आणि मावशीने मक्याच्या आंबवलेल्या चिचाचा मोठा माठ आणून घराच्या चारही कोपऱ्यांत पहिली धार ओतली होती. तुला आठवतं का? तू विचारलंस, "हे कुणासाठी?" आई म्हणाली, "आपल्या आधीपासून जे इथे राहतात त्यांच्यासाठी. आधी त्यांना द्यायचं, मग आपण प्यायचं. नाहीतर त्यांना राग येतो." तू विचारलंस, "मग ते आत्ता कुठे आहेत?" मावशी तोवर दोन वाडगे रिचवून बसली होती. तिने मागच्या भिंतीवर थाप मारली. "इथे! भिंतीत! आणि अजून तहानलेले आहेत बरं का!" सगळे खो-खो हसले. तू हसली नाहीस, भिंतीकडे बघत राहिलीस. मी ते पाहिलं आणि मला काय वाटलं माहितीये? मला वाटलं, सिनेमा इथून सुरू करायचा.

दोनेक आठवड्यांनी तू मला पहिल्यांदा सांगितलंस. दुपारची वेळ होती, घर झोपलं होतं. त्या घरात दुपारी न झोपणारे दोघंच, तू आणि मी. मोये झाडाच्या सावलीत मी वही घेऊन बसलो होतो आणि तू उकडलेल्या मक्याची वाटी घेऊन आलीस. "काका, तुला एक सांगू? आईला सांगायचं नाही." मग तू सांगितलंस की रात्री दिवा गेला की भिंतीतून माणसं येतात. छोटी, बोटाएवढी. काळे पाँचो घालतात आणि पाँचोला पिवळ्या पट्ट्यांचा काठ असतो. हळू चालतात, एकमेकांना ढकलत नाहीत. तोंडावर येऊन गालाची पापी घेतात आणि दुखत नाही. मग ती लठ्ठ होतात, त्यांना नीट चालता येत नाही. कधी छतावरून खाली पडतात, टप्प असा आवाज होतो. आणि सकाळी भिंतीवर त्यांनी काळ्या शाईने काहीतरी लिहिलेलं असतं. "काय लिहितात?" मी विचारलं. "मला त्यांची अक्षरं येत नाहीत," तू म्हणालीस, "पण ती आपली नावं असतील."

निनो, माझ्या अंगावर काटा आला होता. आनंदाने. हे तुला सांगताना लाज वाटते, पण आज लाज बाजूला ठेवली आहे. तोवर मी साबणाच्या जाहिराती आणि लग्नांच्या फिती काढत होतो. आणि इथे सात वर्षांची एक मुलगी मक्याचे दाणे खात खात मला फुकटात सिनेमा देत होती.

तुझ्या आईच्या कानावर ते गेलंच. शाळेतल्या बाईंनी तिला बोलावून सांगितलं, नव्या वडिलांचा राग मुलं अशीच काढतात, लक्ष देऊ नका. आई म्हणाली, "दिलं लक्ष तर रोज नवा बुटका येईल." ती तुला रागावत नसे, नुसती हसून सोडून देई. तुझं खरं मानणारा घरात एकटा मी होतो. तुला तसं वाटायचं आणि तू माझ्या ताटाकडे बघणं सोडून दिलंस. दुपारी येऊन माझ्या मांडीला टेकून बसायचीस आणि मी विचारत जायचो. किती आले होते? आधी कुठे बसले? पाठ कशी दिसते? तू सांगायचीस आणि मी लिहून घ्यायचो. चार वह्या भरल्या. आयुष्यातल्या त्या माझ्या सगळ्यात सुखाच्या दुपारी होत्या असं मी कुणालाही सांगितलं असतं. पण एकदाही, निनो, एकदाही उठून तुझी खाट मी भिंतीपासून सरकवली नाही.

उलट काय केलं ते ऐक. तू त्या माणसांची चित्रं काढायचीस ना, शाळेच्या रंगीत खडूंनी? ती मी तुझ्या उशाशी भिंतीवर खिळ्यांनी ठोकली. मोठ्या भेगेवर नीट बसवून, म्हणजे त्यांच्याशी तुझी ओळख होईल, भीती जाईल. तुझ्या आईने डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "तिची भीती घालवतोयस की तुझी जाहिरात लावतोयस?" तिचं बरोबर होतं, तिला वाटलं असेल त्याहूनही जास्त. त्या कागदांच्या मागे कोण राहायला आलं असेल, हे मला आता कळतंय.

आणि काडेपेटी. तुला काडेपेटी आठवत असेल, कारण त्या दिवशी तू पहिल्यांदा माझ्याशी भांडलीस. तू धावत आलीस, पेटी दोन्ही हातांत घट्ट धरलेली. "काका, पकडला!" मी उघडली. आत एक किडा होता. चपटा, काळपट, कडेने पिवळसर पट्टे. मी ला पाझचा, आमच्याकडे थंडीत असला किडा जगत नाही. मी तो जन्मात पाहिला नव्हता. मी म्हणालो, "अगं, हा तर साधा किडा. तुझी माणसं मोठी आहेत, बोटाएवढी." तू म्हणालीस, "हाच आहे. बघ ना, पाँचो बघ." मी म्हणालो, "नाही निनो, हा नव्हे. तू अजून नीट बघ." तू पाय आपटलास. मला हवं होतं ते माणसासारखं काहीतरी होतं, आणि तू खरं पुराव्यासकट हातावर आणून ठेवलंस तेव्हा मी तुलाच खोटं ठरवलं. मग तू ती पेटी आईकडे नेलीस. आईने बघितलं, चप्पल काढली, चिरडलं आणि केर काढायला लागली. तिच्या लहानपणी तिच्या माहेरी ते छतातून भाकरीवर पडत. तिला त्यात सांगण्यासारखं काही वाटलंच नाही. मला तो किडा माहीत नव्हता आणि तिला तो नको इतका माहीत होता. आम्हा दोघांच्या मधे तू उभी होतीस, रिकामी पेटी घेऊन.

आता ती गोष्ट, जी मी कुणाला सांगितली नाही.

चित्रीकरणाला दहा दिवस होते. कोचाबांबाहून दिवे यायचे होते, एका नटीची मुलगी तुझं काम करणार होती. त्या सकाळी आई बाजाराला गेली होती आणि तू शाळेत. दारात तीन माणसं आली, पाठीवर पंप, तोंडाला फडकी. बरोबर एक जाडजूड बाई होती, हॅटखाली दोन वेण्या, हातात वही. तिने सांगितलं, "सामान बाहेर काढा, चित्रं-कॅलेंडरं सगळी उतरवा, आज तुमचं घर फवारायचं. पुढच्या गल्लीपर्यंत झालं आहे." मी विचारलं, भिंतींचं काय होतं? ती म्हणाली, "थोडे पांढरे डाग पडतात, जातात वर्षभरात." वर्षभरात! त्या भिंतींसाठी मी घर घेतलं होतं, निनो. त्या भेगा, तो रंग, त्या काळ्या शाईच्या रेघा, ज्यांच्यापुढे माझ्या कलादिग्दर्शकाने हात जोडले होते, "असं मला रंगवता येणार नाही." मी त्या बाईला म्हणालो, आमचं घर गेल्याच महिन्यात फवारून झालं आहे. तिने वही चाळली. "आमच्याकडे नोंद नाही. कुणी फवारलं?" आणि मी, तिथे उभ्या उभ्या, एका दुसऱ्या तुकडीच्या मुकादमाचं नाव सांगितलं. त्याच्या मिशा सांगितल्या. तो एका पायाने लंगडतो हेही सांगितलं. बाई हसली, म्हणाली, "मग तो मला माहीत नाही, नवा असेल." मी वहीत सही केली. जाता जाता तिने मागे वळून विचारलं, "घरात लहान मूल आहे का?" मी म्हणालो, "नाही."

मला माहीत नव्हतं ते कशासाठी फवारत होते, असं मी स्वतःला वर्षानुवर्षं सांगत आलो. डास असतील, पिसवा असतील. पण मी विचारलं नाही, हे खरं आहे. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, आणि मग मला हो म्हणावं लागलं असतं.

सिनेमाचं पुढे काय झालं ते तुला ठाऊक आहे. गावच्या सभागृहात पांढरा पडदा लावून पहिला खेळ झाला, अर्धा गाव आला होता. तू पहिल्या रांगेत, आईच्या आणि मावशीच्या मधे, नवा लाल फ्रॉक घालून. शेवटी डॉक्टर त्या सिनेमातल्या आईला सांगतो की भिंतीत कुणी नाही, सगळं मुलीच्या डोक्यात आहे, आणि कॅमेरा रिकाम्या भिंतीवर थांबतो. पैसे घालणाऱ्यांना तो शेवट हवा होता, आणि खरं सांगायचं तर मलाही तो हुशार वाटला होता. टाळ्या पडल्या. दिवे लागले. तू माझ्यासमोर येऊन उभी राहिलीस, आणि रडली असतीस तर बरं झालं असतं. "तू म्हणाला होतास तुला खरं वाटतं," एवढंच बोललीस. त्यानंतर तुझ्या दुपारच्या गोष्टी बंद. पुढच्याच वर्षी तू हट्ट करून कोचाबांबाला मावशीकडे शिकायला गेलीस, आणि मग आणखी लांब, आणि मग बर्फात. तुझ्या आईच्या अंत्यविधीला आलीस तेव्हा माझ्या हातावर हात ठेवलास, पण बघितलंस दुसरीकडे. मी तक्रार करत नाही. नुसतं सांगतोय की मी ते पाहिलं होतं.

तुझ्या आईचं कसं झालं, ते तुला मावशीने सांगितलेलं आहे. बाजारात कांद्यांची टोपली उचलायला वाकली आणि उठली नाही. पन्नाशीची बाई, कधी सर्दीसुद्धा नाही. सगळे म्हणाले, हृदय. हृदय हे काय कारण झालं? सगळ्यांचंच शेवटी हृदय थांबतं. पण मी पुढे विचारलं नाही. विचारायचं नाही, ही माझी जुनी सवय.

या मार्चमध्ये मी जिन्यावर पडलो. दोन पायऱ्या चढलो की दम लागायचा, पाय सुजायचे, मला वाटलं वय. इस्पितळात एक तरुण डॉक्टरीण आहे, तुझ्याच वयाची असेल, चष्मा सारखा नाकावरून घसरतो. तिने छातीचा फोटो काढला आणि म्हणाली, तुमचं हृदय भोपळ्याएवढं झालं आहे. मग रक्त तपासलं. मग विचारलं, "लहानपणी मातीच्या घरात राहिलात का? विंचुका होत्या?" मी म्हणालो, मी ला पाझचा, आमच्याकडे कुठल्या विंचुका. फक्त काही वर्षं मिस्केला होतो. तिने काचेखाली टाचलेला एक किडा समोर ठेवला, ही विंचुका. चपटा, काळपट, कडेला पिवळे पट्टे. निनो, मी पंचवीस वर्षांनी पुन्हा तुझी काडेपेटी उघडली.

तिने मला सगळं समजावून सांगितलं. रात्री तोंडावर येऊन चावतात, दुखत नाही. रक्त पिऊन फुगतात, छतातून टपकतात. भिंतीवर काळ्या रेघा सोडतात, त्या त्यांच्या विष्ठेच्या असतात. त्या विष्ठेतूनच रोग अंगात शिरतो, वीस-वीस, तीस-तीस वर्षं गप्प बसतो, काहीही दुखत नाही, आणि मग काही जणांचं हृदय धरतो. सगळ्यांचं नाही. तिने ते दोनदा सांगितलं आणि मीही तुला सांगतो, सगळ्यांचं नाही. तुझ्या आईचं तेच झालं का, ते आता कुणाला सांगता येणार नाही, असं ती म्हणाली. पण ते म्हणताना तिने माझ्याकडे बघितलं नाही. मला फक्त तुझा आवाज ऐकू येत होता, हळू चालतात, ढकलत नाहीत, टप्प. तू एकही गोष्ट चुकीची सांगितली नव्हतीस. चार वह्या मी रोगाचं वर्णन लिहून घेत होतो आणि त्याला कल्पनाशक्ती म्हणत होतो.

एवढ्यावर मी मावशीला तुला फोन करायला लावला. आणि तू हसलीस. पण त्यानंतर एक गोष्ट झाली म्हणून हे पत्र. डॉक्टरणीला कुठून तरी कळलं की मी सिनेमे काढायचो. तिने मिस्केचा तो सिनेमा शोधून पाहिला. पुढच्या वेळी गेलो तर माझा कागद बाजूला ठेवून तिने आधी विचारलं, "त्या मुलीच्या डोळ्याचा मेकअप कुणी केला होता? ज्याने केला त्याला वैद्यकाची पुस्तकं पाठ असणार." मी म्हणालो, कुठला डोळा? म्हणाली, "एकेचाळिसाव्या मिनिटाला. एका बाजूची पापणी जांभळी होऊन सुजलेली, दुसरी अगदी ठीक. हा रोग पहिल्यांदा अंगात शिरतो तेव्हाची ती खूण आहे. आम्हाला परीक्षेत विचारतात."

तो मेकअप नव्हता. तुला आठवतंय ना? त्या नटीच्या मुलीचा डोळा सुजलेला दाखवायला आम्ही मेण लावून बघितलं, डिंक लावून बघितलं, काही जमेना. आणि त्या मंगळवारी तू उठलीस ती एक डोळा बंद होऊनच. थोडा ताप होता. आई कॅमोमाइलच्या पाण्याच्या घड्या ठेवत होती. "घाणेरड्या हातांनी चोळला असणार," ती म्हणाली. मी तुला खिडकीपाशी स्टुलावर बसवलं आणि कॅमेरा तुझ्या तोंडाजवळ आणला. अकरा सेकंद. तू अजिबात हलली नाहीस, कारण मी तुला दोन आइस्क्रीम कबूल केली होती. तीन आठवडे तो डोळा तसाच होता आणि मला वाईट वाटलं ते तो उतरल्याचं, कारण एक कोन घ्यायचा राहून गेला होता. मी हे डॉक्टरणीला सांगितलं तेव्हा तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "ती मुलगी आत्ता कुठे आहे?"

म्हणून हे पत्र. आणि यापुढचं मी तुला सांगू नये असं मावशीने मला शपथ घालून सांगितलं होतं. ती तिच्याकडून गेल्या मंगळवारी चुकून निसटलेली गोष्ट आहे. तुला पाचवा महिना चालू आहे. निनो, हा रोग आईकडून पोटातल्या बाळाला जाऊ शकतो. शंभरात पाच-सहा जणांना जातो, मी आकडा फुगवत नाही, डॉक्टरणीकडून लिहून घेतला आहे. आत्ता तुला औषध देता येणार नाही, पण तुझ्या रक्तात आहे की नाही हे आत्ता कळलं तर जन्मल्याबरोबर बाळाचं बघतात, आणि पहिल्या वर्षातच औषध दिलं तर बाळ जवळपास नक्की पूर्ण बरं होतं. मग तुझ्यावरही उपचार करता येतात. उशीर झाला की हे इतकं सोपं राहत नाही. तुझ्या तिथल्या डॉक्टरांना आपणहून हे सुचणार नाही, त्यांच्या बर्फात विंचुका कुठली असणार? म्हणून सोबत दोन कागद ठेवले आहेत. एकावर इथल्या डॉक्टरणीने त्यांच्या भाषेत तपासणीचं नाव आणि कारण लिहून सही-शिक्का दिला आहे. दुसरा त्या अकरा सेकंदांतला फोटो आहे, मागे महिना आणि साल लिहिलं आहे. माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवू नकोस, तुला त्याची गरजच नाही. डॉक्टरांपुढे तो फोटो ठेव आणि एवढंच सांग की ही मी आहे. मला उत्तर लिहू नकोस. काय निघालं तेही मला कळवू नकोस, ते विचारायचा हक्क मी त्या वहीत सही करून घालवला आहे. फक्त मावशीला फोन करून 'रक्त दिलं' एवढे दोन शब्द सांग. मी रोज संध्याकाळी तिच्याकडे जाऊन बसतो आहे.

तू नाही म्हणालीस तरी तुझाच,
उबाल्दोकाका